जोत्याच्या दगडांचा वाफा

पुण्यातला जुना वाडा पाडायला काढला की सागवानी खांब, तुळया, नक्षीच्या चौकटी आणि पितळी कड्या यांना गिऱ्हाईक आधीच ठरलेले असते. जोत्याचे काळे दगड मात्र बहुतेक वेळा मागे उरतात आणि विटांच्या चुऱ्याबरोबर राडारोड्याच्या डंपरमध्ये चढून कुठल्या तरी भरावात गाडले जातात. बांधकाम आणि पाडकामातून निघणाऱ्या कचऱ्यासाठी केंद्र सरकारने २०१६ मध्ये स्वतंत्र नियम केले. निघालेला माल प्रकारवार वेगळा करावा अशी त्यांत अपेक्षा ठेवली, पण एका घराच्या जोत्यातले दगड कुणाच्या हिशेबात धरले जात नाहीत. माझे म्हणणे असे, की त्यातले थोडे दगड तरी त्याच आवारात, अंगणाच्या किंवा सोसायटीच्या मोकळ्या पट्टीत, भाजीच्या वाफ्याची कड म्हणून लावावेत आणि लावताना सिमेंट वापरू नये. पहिल्या भागाला फारसा कुणाचा विरोध नसतो, वाद होतो तो दुसऱ्यावर. म्हणून समोरची बाजू इथे एका इंजिनिअरसाहेबांच्या तोंडी घातली आहे. साइटवर उभे राहून आयुष्य काढलेल्या कुणाही माणसाची ती बाजू असते आणि तिच्यात दम असतो.

“ताई, दगड वापरा, माझी ना नाही,” साहेब म्हणतात. “पण नुसते एकावर एक ठेवलेले दगड म्हणजे बांधकाम नव्हे. पहिल्याच पावसात आतली माती फुगणार, दगड बाहेर ढकलणार आणि एखादा खेळणाऱ्या पोराच्या पायावर येणार. त्यापेक्षा खाली चार इंच पीसीसी टाका, एकास सहाचा माल कालवा, दोन थर बांधा, वरून कोपिंग करून घ्या. दोन दिवसांचं काम. पुढं वीस वर्षं बघायला नको.”

साहेब, हे दगड आपल्या हातात धडधाकट आले कसे, ते आधी पाहू. शनिवारवाड्याचे आज जे उरले आहे त्यावरून त्या काळच्या बांधणीची कल्पना येते. खाली दगड, वर वीट आणि लाकूड. १८२८ च्या आगीत वरचे मजले गेले, जोती राहिली. सामान्य गृहस्थाच्या वाड्याचा थाट लहान, पण रीत तीच, आणि सांधे चुन्याचे किंवा नुसत्या मातीचे. पोरबंदरला सिमेंटचा कारखाना सुरू झाला तो १९१४ मध्ये, आणि त्यानंतरही चुना एकदम हद्दपार झाला नाही. चुन्याचा सांधा दगडापेक्षा पुष्कळ मऊ असतो. पाया थोडा खचला की भेग सांध्यातून जाते, दगडाला धक्का लागत नाही. घर उतरवताना सांध्यात पहार घातली की चुना भुगा होऊन गळतो आणि घडीव दगड सगळ्या बाजूंनी मोकळा होतो. शंभर-दीडशे वर्षे ओझे वाहिलेला दगड आज पुन्हा वापरता येतो तो याच मऊपणामुळे. सिमेंट असे सोडत नाही. ते काळ्या दगडाच्या खरखरीत तोंडाला इतके घट्ट धरते की वेगळे करताना कडा उडतात, नाहीतर मालाचा गोळा दगडाला कायमचा चिकटून राहतो. कोकणातला जांभा असेल तर दगडच फुटतो. म्हणजे तुमच्या दोन दिवसांच्या कामात आपण तो दगड शेवटचा वापरतो. पुढच्या पिढीने आवाराची मांडणी बदलली, पाण्याची लाइन फिरवली, इमारत पुन्हा पाडली, तर तो राडारोडाच होणार. दगड घरी आणण्यापूर्वी एवढे पाहावे: सांध्याला चिकटलेला माल खिळ्याने ओरखडावा. पांढरट, पिठूळ पडला तर चुना. खिळा घसरून राखाडी चकाकी आली तर सिमेंट, आणि मग तो दगड साफ करण्याची मेहनत परवडेलच असे नाही.

आता पडण्याचा मुद्दा. पुण्यात नदीकाठच्या भागांत, आणि देशावर तर पुष्कळ ठिकाणी, खाली काळी माती असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात इतकी आकसते की भेगेत हात जावा. अशा जमिनीवर चार इंचांची काँक्रीटची पट्टी म्हणजे पाया नव्हे. तीही मातीबरोबर वरखाली होते आणि तिच्यावरची बुटकी भिंत कोपऱ्यात नाहीतर मधोमध तडकते. एकदा तडा गेला की त्या भिंतीला डागडुजी नाही, तडा लिंपायचा आणि पुढच्या वर्षी पुन्हा लिंपायचा. शिवाय आत साचलेल्या पाण्याला वाट हवी. पाणी जाण्यासाठी सोडलेली भोके वर्षा-दोन वर्षांत मातीने बुजतात आणि जुलैत वांगी-टोमॅटोची मुळे कुजतात. कोरड्या रचाईत प्रत्येक सांधा ही पाण्याची वाट असते. जमीन हलली तर दगड बोटभर सरकतो. तो उचलून जागेवर बसवायला ना गवंडी लागतो ना माल.

अर्थात कोरडी रचाई म्हणजे दगड कसेही ठेवून देणे नव्हे, आणि साहेबांची भीती बहुतेक तशाच रचाईवरून आलेली असते. आतून दहा फूट लांब, चार फूट रुंद आणि सव्वा फूट उंच वाफा धरू. चार फुटांपेक्षा रुंदी वाढली की मधल्या रोपापर्यंत हात पोचत नाही आणि माणूस वाफ्यात पाय देऊ लागतो. कुंपणाच्या भिंतीला लागून असेल तर अडीच फूट पुरे. कडेची जाडी नऊ इंच ठेवली तर सुमारे तीस घनफूट रचाई होते. फटी वजा जाता काळ्या दगडाचे वजन पावणेदोन टनांच्या आसपास भरते, आणि एवढे वजन सहज ढकलले जात नाही. आत माती लागते पन्नास घनफूट, म्हणजे अर्धा ब्रास. कडेच्या रेषेत फूटभर रुंद, वीतभर खोल चर काढून काळी माती उचलावी, मुरूम भरून धुम्मसाने ठोकावा. सगळ्यात थोराड दगड पहिल्या थराला, निम्मे जमिनीत. वरच्या थराचा दगड खालच्या दोन दगडांच्या सांध्यावर बसला पाहिजे, सांध्यावर सांधा आला की तिथून रचाई उघडते. लांबट दगडाची शेपूट आत मातीत जाऊ द्यावी. तोंड सुंदर दिसावे म्हणून तो आडवा लावण्याचा मोह होतो, तो टाळावा. प्रत्येक थर किंचित आत ओढावा, फुटाला इंचभर. दगड डुगडुगला तर कपची आतल्या बाजूने ठोकावी, बाहेरून ठोकलेली कपची पहिल्याच उन्हाळ्यात गळून पडते. दगडामागे चार बोटे जाडीचा विटांचे तुकडे आणि खडी यांचा थर द्यावा, म्हणजे पाणी निथळते आणि माती फटीतून वाहून जात नाही. एवढे केलेली सव्वा फुटाची कड पोराच्या पायावर येत नाही. वरच्या थराला मात्र दोन हातांनी जेमतेम उचलेल असा जड दगड हवा, कारण लोक तिथे बसतात.

“मंदिरांचं उदाहरण देऊ नका म्हणजे झालं,” साहेब म्हणतात. “अंबरनाथचं देऊळ १०६० सालचं, चुना नाही, काही नाही, हे मलाही माहीत आहे. पण ते पाथरवटांनी खाचा पाडून बसवलेले दगड. तुमच्याकडं तो कारागीर आहे का?” नाही, आणि म्हणून मंदिराचा दाखला मी देतच नाही. माझा दाखला कोकणातल्या गडग्याचा आहे. वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या रत्नागिरीत परड्याला आणि आंबा-काजूच्या बागांना गडगे घातलेले दिसतात. जांभ्याचे, बऱ्याचदा अनगड दगड, मध्ये काही नाही. ते पडतात, नाही असे नाही. पडतात तिथे पावसाळा संपल्यावर पुन्हा रचले जातात, त्याच दगडांतून. देशावर शेताच्या ताली घालणाऱ्यांनीही हेच केले. २०१८ मध्ये युनेस्कोने युरोपातल्या आठ देशांची कोरड्या दगडी रचाईची कला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतली. आपल्याकडे तीच कला जाणणारी माणसे चिऱ्याचे कुंपण सिमेंटात बांधून द्या म्हणणाऱ्या मालकांची वाट पाहत बसली आहेत, आणि याचे मला मनापासून वाईट वाटते. घरच्या वाफ्याला जे कौशल्य लागते ते गडग्याच्या पंगतीचे आहे, मंदिराच्या नव्हे. एखाद्या जुन्या वडार कारागिराने अर्धा दिवस शेजारी उभे राहून दाखवले तर उरलेले घरच्यांना जमते.

“बरं, मान्य. पण फटी म्हणजे विंचू-सापांना आमंत्रण. त्याचं काय? कोकणात फुरसं दगडाखाली असतं हे लहान पोरालाही ठाऊक आहे.”

कोरड्या रचाईवरचा सगळ्यात वजनदार आक्षेप हाच आहे, आणि बागेच्या सजावटीवर लिहिणारे तो बहुधा गाळतात. लाल विंचवाच्या विषाने हृदयावर काय परिणाम होतो आणि प्राझोसिन या औषधाने रोगी कसा वाचवता येतो, हे महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी दाखवून दिले, त्याला चार दशके होत आली. त्याआधी कोकणात विंचू चावून धडधाकट मुले दगावत. फुरसे आकाराने लहान, रंगाने मातीत मिसळणारे, आणि सड्यावरच्या सैल दगडाखाली दबा धरून बसणारे. तेव्हा या भीतीला अडाणीपणा म्हणणाऱ्यांशी माझे जमणार नाही. पण भीती नेमकी कशाची, हे पाहायला हवे. विंचवाला आणि फुरशाला हवी असते कोरडी, अंधारी, कुणी न हलवणारी पोकळी, आणि सापाला तिच्या आसपास उंदीर. असे ठिकाण अंगणात कुठले? दगड आणून कोपऱ्यात टाकलेला आणि ‘दिवाळीनंतर करू’ म्हणून महिनोन्‌महिने तसाच पडलेला ढीग. शेतातली जाड, दोन्ही बाजूंना तोंड असलेली आणि मध्ये भर टाकलेली भिंतही तशीच. वाफ्याची कड एका दगडाच्या जाडीची, तिच्यामागे खडी आणि ठोकलेली ओली माती, वर रोज पाणी. तिथे पोकळ्या थोड्या, उथळ आणि दमट राहतात. धोका शून्यावर येतो असे मी म्हणणार नाही, पण ढिगाच्या मानाने तो फार उतरतो.

आणि जो उरतो त्याच्याशी कसे वागायचे हे गावाकडे चांगले ठाऊक आहे. दगड आणले की आठवड्याच्या आत लावावेत. वाफा घराच्या भिंतीपासून आणि दारापासून दोन-तीन फूट सुटा असावा. त्याच्याजवळ उष्टे-खरकटे, कोंडा, धान्य असे काही टाकू नये, कारण उंदरामागे साप येतो. जुन्या ढिगातला दगड उचलताना हात खाली घालायचा नाही. पहारेने पलीकडची कड वर करून दगड आपल्याकडे उलटवायचा, म्हणजे खालची पोकळी पलीकडे उघडते आणि दगड आपल्या आणि तिच्या मध्ये राहतो. पायात बूट, हातात चामडी मोजे, आणि काम दिवसाउजेडी. रांगते मूल असलेल्या घरात किंवा जिथे फुरसे नेहमी दिसते अशा गावात बाहेरच्या फटी भरून घ्याव्यात हे साहेबांचे म्हणणे मला पटते. पण दरजा भरायच्या तर चुना आणि वाळू घेऊन, बोटाच्या एका पेराइतक्या, आणि तळच्या थराच्या मोकळ्या ठेवून. तेवढ्याने बिळे बुजतात, पाणी खालून जाते आणि दगडही सुटा राहतो.

“चुन्यावरून आठवलं,” साहेब म्हणतात. “दगडाला लागलेला तो जुना चुना, वरचा रंग, हे भाजीत उतरणार नाही?”

चुन्याचे उत्तर देशावर एक आणि कोकणात दुसरे. काळी माती मुळात विम्लधर्मी असते. तिचा सामू साडेसात ते साडेआठच्या घरात असतो, आणि तो आणखी चढला की झाडाला मातीतले लोह घेता येत नाही. गुलाबाच्या नव्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा दिसू लागतो. म्हणून देशावर दगड खरवडून निघालेला चुन्याचा चुरा वाफ्यात न टाकता बाजूला काढावा. दगडाला उरलेला पातळ लेप जुना, हवेत मुरून पक्का झालेला असतो आणि फार सावकाश विरघळतो. दरवर्षी शेणखत घातलेल्या वाफ्याला त्याचा त्रास जाणवत नाही. कोकणातली जांभ्याची माती मात्र आम्लधर्मी. तिथे तोच चुरा बारीक करून मातीत मिसळला तर फायद्याचा. रंगाबद्दल मी साहेबांपेक्षा कडक आहे. घरगुती रंगातल्या शिशाचे प्रमाण दशलक्षात ९० भागांच्या खाली असावे हा नियम आपल्याकडे १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या तैलरंगात शिसे किती, हे डोळ्यांना कळत नाही. ज्या दगडावर तैलरंगाचे थर आहेत तो भाजीच्या वाफ्याला लावूच नये, आणि कोरडा घासून त्याची धूळ तर अजिबात उडवू नये. पायवाटेला, शोभेच्या झाडांना असे दगड चालतात. नुसता चुन्याचा हात किंवा गेरू असेल तर हरकत नाही.

उन्हाचा आक्षेपही घेतला जातो, तो थोडक्यात आटोपतो. काळा दगड तापतो, हे खरे. नागपूर-अकोल्याकडे पश्चिमेच्या उन्हात वाफा असेल तर कडेची वीतभर माती लवकर सुकते आणि तिथली कोवळी रोपे करपतात. तिथे कडेला कोरफड, गवती चहा किंवा बाहेर लोंबणारा रताळ्याचा वेल लावावा, मातीवर पालापाचोळ्याचे आच्छादन घालावे, आणि मेथी-कोथिंबीर मधोमध पेरावी. विटेची किंवा काँक्रीटची कडही तापतेच.

एक गोष्ट साहेबांनी विचारली नाही, पण बोलली पाहिजे. टाकून दिलेला दगड आणि उचलून आणलेला दगड यांत फरक आहे. गावाबाहेर झाडाखाली पडलेली वीरगळ, सतीशिळा, गधेगाळ, अक्षरे कोरलेली शिळा, देवळाचा तुटका कळस ही बागेची सामग्री नव्हे. ती कुणाच्या मालकीची दिसत नसली तरी त्या गावाचा इतिहास तिच्यावर आहे, आणि जागेवरून हलली की त्यातला निम्मा पुसला जातो. संरक्षित गडकोटांचे दगड हलवणे १९५८ आणि १९६० च्या कायद्यांनी गुन्हा आहे, पण संरक्षित नसलेल्या गढीचेही हलवू नयेत असे मला वाटते. पाडकामात असा दगड निघालाच, आणि जुन्या जोत्यांत तसे निघतात, तर काम थांबवून फोटो काढावा आणि पुरातत्त्व खात्याला किंवा जवळच्या संग्रहालयाला कळवावे. नदीपात्रातले गोटे किंवा डोंगरउतारावरचे दगड आणणे हेही जुन्या मालाचा वापर ठरत नाही. ते गौण खनिज आहे आणि तिथल्या सरड्या-खेकड्यांचे घरही आहे. पर्यावरणाचे नाव घेऊन जो वाफा होतो त्यासाठी ओढा ओरबाडला जाऊ नये. सिमेंट वाचल्याने कार्बन वाचतो हा मुद्दाही मी फार ताणणार नाही, कारण एका वाफ्याला लागणाऱ्या दोन-तीन गोण्यांनी हवामान बदलत नाही. माझा मुद्दा दगडाच्या पुढच्या आयुष्याचा आहे.

“म्हणजे सिमेंट कुठंच नको?” साहेब विचारतात. तसे नाही, आणि त्यांची हद्द कुठे सुरू होते ते सांगितले पाहिजे. गच्चीवर तर दगडी वाफा नकोच, कोरडा नाही आणि पक्काही नाही. लोकांच्या वावराच्या गच्चीचा स्लॅब चौरस मीटरला साधारण दीडशे किलोचे चल ओझे धरून आखलेला असतो, आणि फूटभर ओली माती एकटीच चौरस मीटरला पाचशे किलोच्या घरात जाते, दगड धरलेलाच नाही. उतारावरची माती अडवणारी भिंत दोन-अडीच फुटांवर गेली, वर गाडी उभी राहणार असेल, किंवा शेजाऱ्याचा पाया जवळ असेल, तर मी म्हणेन साहेबांना बोलवा, नकाशा काढून घ्या आणि ते सांगतील तसे बांधा. बाकी अंगणातल्या सव्वा फुटाच्या वाफ्याला काम काढायचे ते होळीनंतर, जमीन कोरडी असताना. पहिल्या पावसात आतली माती दोन-तीन इंच बसते, ती वरून भरावी. गणपतीच्या सुमारास कडेवरून एकदा हात फिरवून जो दगड हलतो तो काढून पुन्हा बसवावा. साहेबांना एवढी देखभालही नको आहे. त्यांना एकदा बांधून विसरायचे आहे, आणि त्या एका बाबतीत आमचे एकमत झालेले नाही.